आठ दिवसांची मुदत

माझ्या मैत्रिणीचा फोन गच्चीवरून पडून फुटला, म्हणून तिच्या परीक्षेच्या अर्जात माझा मोबाइल नंबर आणि माझा मेल गेला. एवढ्या एका कारणानं तिचं पुढचं सगळं आठ दिवस माझ्या हातात होतं. त्या आठ दिवसांत मी काय केलं ते आजवर फक्त एका माणसाला सांगितलंय, आणि ते तिलाच. घरी अजून कुणाला माहीत नाही.

तेव्हा आम्ही दोघी सांगलीत, विश्रामबागेच्या मागच्या बाजूला एका खोलीत राहत होतो. कराडला चार वर्षं एकाच वर्गात इंजिनिअरिंग केलं होतं. आता एम.टेक.ची प्रवेशपरीक्षा द्यायची होती, आणि विषय घेतला होता पर्यावरण विज्ञान आणि अभियांत्रिकी. विषय तिनं निवडला आणि मी तिच्यामागून गेले. हा पेपर देणारी मुलं थोडी, शिकवणारे त्याहून थोडे. क्लास लावायचा तर कुठं लावायचा हेही कळत नव्हतं. म्हणून दोघींनी मिळून जवळच्या अभ्यासिकेत शेजारशेजारच्या दोन खुर्च्या घेतल्या. ती सकाळी तीन तास एका डिप्लोमा कॉलेजात शिकवायची आणि दहाला तिथं यायची. मी आठपासून बसलेली असायचे. वह्या माझ्या सुंदर होत्या, तीन रंगांच्या पेनांनी लिहिलेल्या. डोकं तिचं होतं.

ती खटाव तालुक्यातली, वडूजच्या पलीकडची. वडलांची मेंढरं. पाऊस सरला की ते कळप घेऊन खाली नदीकाठच्या मुलखात उतरायचे आणि ऊस गेलेल्या, मोकळ्या झालेल्या रानांत खतासाठी मेंढरं बसवायचे. मी कराडजवळच्या एका बागायती गावातली. आमचा ऊस, आणि वडील फौजेतून सुभेदार होऊन परत आलेले. आमच्या रानातही दरसाल मेंढरं बसायची, कुणाची ते आम्हाला ठाऊक नसायचं. लहानपणी त्या लोकांच्या राहुट्यांकडे जायला मला मनाई होती, केसांत उवा होतील म्हणून. कॉलेजात पहिल्या वर्षी ती कुठली आहे हे कळलं तेव्हा माझ्या डोक्यात सगळ्यात आधी त्या उवाच आल्या.

तिची भाषा चार वर्षांत तसूभर बदलली नाही. तोंडी परीक्षेतसुद्धा ती "न्हाई सर, तसं न्हाई हुणार" म्हणायची आणि सर हसले तरी तिला काही वाटायचं नाही. मी मात्र सांगलीत येऊन 'आहे', 'नाही' असं नीट बोलायला शिकले होते. घरी फोनवर बोलताना खोलीबाहेर जायचे, कारण आईशी माझं जुनं बोलणं सुटायचं.

नदीत सांडपाणी मिसळलं की पाण्यातला प्राणवायू कसा घटतो आणि पुढं कसा भरून येतो, यावर एक वक्ररेषा असते. त्यावर हमखास प्रश्न येतो. मला तिचं सूत्र पाठ होतं, पण प्राणवायू सगळ्यात कमी नाल्याच्या तोंडाशी न होता खाली काही मैलांवर का होतो, हे डोक्यात शिरत नव्हतं. एकदा सकाळी ती मला कृष्णेच्या घाटावर घेऊन गेली. पायऱ्यांवर बसून म्हणाली, "चढावर मेंढरू पळीवलं की त्याला धाप कवा लागती? पळाय लागल्या लागल्या न्हाई लागत. पार वर गेल्यावर लागती. नदीचं बी तसंच हाय. घाण हितं मिसळली तरी दम खाली जाऊन लागतोय."

त्यानंतर ते मी कधी विसरले नाही. असं तिनं मला किती शिकवलं त्याची मोजदाद नाही. तुरटी फिरवलेल्या हंड्यात गाळ कसा बसतो इथपासून, दोन भोंगे एकदम वाजले तर आवाज दुप्पट का मोजत नाहीत इथपर्यंत. ती माझ्याकडून काय शिकली म्हणाल, तर फक्त अर्ज भरणं. संगणकावरची किचकट कामं तिला आवडायची नाहीत. "तूच भर बाई. तुला ते झ्याक जमतंय," म्हणाली. तिचा फोन नुकताच फुटला होता, दुरुस्तीवाला आज देतो, उद्या देतो करत होता. मग मी माझ्याच फोननं, खोलीतल्या पिवळ्या भिंतीपुढं उभं करून तिचा फोटो काढला, माझाच नंबर आणि मेल टाकला आणि दोघींचे अर्ज एका दुपारी भरून टाकले.

अभ्यासिकेत आमच्यासारखीच वेगवेगळ्या परीक्षा देणारी दहाबारा मुलं-मुली होती. दर रविवारी आम्ही दोघी सराव परीक्षा द्यायचो. दिवाळी होऊन गेल्यावरच्या एका रविवारी माझे तिच्या निम्म्याहूनही कमी गुण आले. चुकीच्या उत्तराला गुण कापतात, आणि मी अंदाजानं भरपूर उत्तरं ठोकली होती. तिनं माझा कच्चा कागद ओढून घेतला, वरून खाली पाहिला आणि नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाली, "तुझं काय चुकतंय सांगू का? तू गणित सोडवतच न्हाईस. तू गणित आठवतीस."

पलीकडच्या टेबलावरची मुलं हसली. एकानं ते वाक्य पुन्हा म्हणून दाखवलं. ती माझा अपमान करायला बोलली नव्हती, ती सगळ्यांशीच तसं बोलायची. आणि ते खरं होतं, म्हणून तर लागलं. त्या दिवशी मी जेवताना तिच्याशी बोलले नाही. तिच्या ते लक्षातही आलं नाही. ती हवेच्या प्रदूषणाचा धडा वाचत भाकरी खात होती. संध्याकाळी वडलांचा फोन आला, अभ्यास कसा चाललाय म्हणून. ठेवता ठेवता म्हणाले, "त्या पोरीच्या पावलावर पाऊल ठेव. ती काय सोडायची न्हाई परीक्षा."

मेल आला तो दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, दुपारी साडेबाराच्या सुमाराला. ती अजून आली नव्हती, कॉलेजात तिला जादा तास होता. मेल तिच्या नावानं होता. अर्जातला फोटो अस्पष्ट आहे, पार्श्वभूमी नियमाप्रमाणे नाही, आठ दिवसांत नवीन फोटो चढवावा, अन्यथा अर्ज रद्द होईल. शेवटच्या दिवशीची वेळ दिली होती, संध्याकाळी पाच. काम दहा मिनिटांचं होतं. कोपऱ्यावर फोटो स्टुडिओ होता. आणि ती पिवळी भिंत मी निवडलेली होती.

मी तो मेल दोनदा वाचला. मग वर तीन टिंबं असतात तिथं दाबून तो 'न वाचलेला' करून ठेवला.

हे मी का केलं याचं उत्तर मी स्वतःला पुष्कळ प्रकारे दिलंय. सांगणारच होते, फक्त आज नको, आज तिला जरा... असं काहीतरी. पण मग न वाचलेला का केला? सांगणाऱ्या माणसाला ते करावं लागत नाही. माझं बोट माझ्याआधी पुढं गेलं होतं, आणि त्याला सगळं ठाऊक होतं. ती दीड वाजता आली, घामानं भिजलेली, आणि म्हणाली, "कालचं ते मनाला लावून घिऊ नगंस. ये, बस, परत करू." आणि माझ्या चुकलेल्या प्रश्नांतले तेरा तिनं माझ्याकडून पुन्हा करून घेतले. मी तेरा प्रश्न सोडवले आणि मेलाबद्दल चकार शब्द काढला नाही.

मंगळवारी मी तिला स्वतःहून चहा करून दिला. असं मी कधी करायचे नाही.

बुधवारी ती वडलांकडे गेली. त्यांची मेंढरं तेव्हा इस्लामपूरच्या बाजूला एका रानात बसली होती आणि त्यांना ताप होता. ती दोन दिवस तिथं राहणार होती. मला वाटलं, बरं झालं, तिच्याकडे फोनही नाही, आता सांगायचं म्हटलं तरी सांगता येणार नाही. तिच्या वडलांचा नंबर माझ्याकडे होता. तो नाही असं मी दोन दिवस मनाशी धरून चालले.

शुक्रवारी दुपारी ती आली ती खांद्यावर घोंगडं टाकून. "आबांनी दिलंय. म्हणलं, तुझ्या मैतरणीला फरशीवर झोपाय लागतंय, तिला दे. आपल्याच लोकरीचं हाय." तिनं ते माझ्या अंथरुणावर पसरलं. हातानं दाबून दाखवलं, किती दाट आहे ते. अजून तीन दिवस बाकी होते. माझ्या तोंडात ते वाक्य अगदी तयार होतं: अगं, तुझा एक मेल आलाय. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "केवढं जड आहे गं."

आता मागं पाहते तेव्हा वाटतं, शुक्रवारनंतर मला तिचा राग राहिलाच नव्हता. राग केव्हाच संपला होता. आता भीती होती ती वेगळीच. आज सांगितलं तर ती विचारणार, कधी आला? मेलावर तारीख होती. पाच दिवस मी काय करत होते हे सांगण्यापेक्षा तिची परीक्षा बुडालेली मला परवडली. याहून स्वच्छ शब्दांत मला ते लिहिता येत नाही.

आणि हिशेब म्हणून पाहिला तरी तो मूर्खपणाचाच होता. देशभरातून हजारो मुलं ती परीक्षा देतात. ती नसल्यानं माझा क्रमांक फार तर एकानं वर सरकणार होता.

शेवटच्या दिवशी आम्ही पावणेपाचला अभ्यासिकेतून उठून कोपऱ्यावरच्या टपरीवर चहाला गेलो. स्टुडिओ समोरच होता, उघडा होता. ती दारातल्या लग्नाच्या फोटोंकडे बघून काहीतरी चेष्टा करत होती. मी टपरीवाल्याच्या भिंतीवरचं घड्याळ पाहत होते. पाच वाजले, पाचला दोन मिनिटं झाली. मी म्हणाले, "चल, बसू या परत."

प्रवेशपत्रं जानेवारीत आली. अभ्यासिकेच्या संगणकावर मी माझं काढलं. मग तिनं तिचा क्रमांक टाकला. अर्ज नाकारला आहे, असं इंग्रजीत आलं. तिनं पुन्हा टाकला. तिसऱ्यांदा टाकताना तिनं एकेक आकडा मोठ्यानं म्हटला. मग कारण उघडलं आणि वाचलं. माझ्याकडे वळून म्हणाली, "तुझ्या मेलवर काय आलं हुतं का बघ बरं."

मी तिच्यासमोर फोन उघडला. जुने मेल खाली खाली सरकवत गेले, आणि तो दिसला, ठळक अक्षरांत, न वाचलेला. मी रडायला लागले. ते रडणं खोटं नव्हतं, पण तिला वाटलं त्या कारणाचंही नव्हतं.

तिनं माझा खांदा धरला. "आगं, रडतीस कशाला? एवढ्या ढीगभर मेलात तुला तरी कसं दिसणार? तुझी काय चूक? गप, रडू नगंस."

मग तिनं मदतीच्या नंबरवर फोन लावला. बराच वेळ थांबून, दोनदा तुटून, तिसऱ्यांदा लागला. पलीकडचा माणूस सभ्यपणे बोलत होता, मुदत संपल्याचं सांगत होता. ती "व्हय सर, व्हय सर" म्हणत राहिली. फोन ठेवून बाटलीभर पाणी प्यायली आणि बाहेर जाऊन पायरीवर बसली. मी आतूनच तिची पाठ पाहिली. अर्ध्या तासानं आत आली, तोंड धुतलेलं होतं. आपली वही न उघडता माझी उघडली.

"बरं," म्हणाली, "आता तुझं बघू."

पुढचे जवळजवळ चार आठवडे तिनं मला शिकवलं, परीक्षा तिचीच असावी तसं. माझी सवय मोडायला ती रोज त्याच गणितातले आकडे बदलायची, कधी प्रश्नच उलटा करायची, आणि माझं पेन आठवणीवर धावायला लागलं की टेबलावर टिचकी मारायची. मी कधी नव्हे एवढं शिकले. तिच्या प्रत्येक टिचकीला वाटायचं, आता सांगावं. पण आता सांगून तिला काय मिळणार, असं म्हणून मी स्वतःला सोडवून घ्यायचे. हेही मला छान जमायला लागलं होतं.

परीक्षाकेंद्र मिरजेजवळ होतं. ती माझ्यासोबत आली आणि फाटकाबाहेर लिंबाखाली तीन तास बसून राहिली. बाहेर आल्यावर तिनं पहिलं विचारलं, "नदीवरचा आला का?" आला होता. मी आकडे सांगितले. तिनं काडीनं मातीत गणित मांडून सोडवलं, उत्तर काढलं, माझं विचारलं. जुळलं. तिनं माझ्या पाठीत एवढ्या जोरात थाप मारली की शेजारची मुलं बघायला लागली.

मला चांगला क्रमांक मिळाला. मोठ्या संस्थेत प्रवेश मिळाला. वडलांनी गावभर पेढे वाटले, आणि तिच्या आबांना फोन करून "तुमच्या पोरीनं आमच्या पोरीचं सोनं केलं" असं म्हणाले. मी जवळच उभी होते. तिनं पुढच्या वर्षी परीक्षा दिली नाही. त्या वर्षी आबांचा पाय मोडला, कळप बघायला माणूस नव्हतं, आणि तिनं वडूजला पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत कंत्राटी नोकरी धरली. सुरुवातीला आम्ही आठवड्याला बोलायचो. मग मी कमी केलं. ती फोन करायची, मी "मीटिंगमध्ये आहे" असं कळवायचे. तिला वाटलं असेल, पोरगी मोठी झाली.

चार वर्षांनी, मी पुण्यात सांडपाणी प्रकल्पांची आखणी करणाऱ्या एका कंपनीत असताना, सांगलीच्या त्याच अभ्यासिकेनं मला मुलांशी बोलायला बोलावलं. मी तयारीबद्दल बोलले, चुकीच्या उत्तरांबद्दल, वेळेबद्दल. बोलता बोलता म्हणाले, "गणित आठवू नका, सोडवा." मुलांनी ते वहीत लिहून घेतलं. शेवटी एका मुलीनं हात वर करून विचारलं, "मॅडम, तुम्ही अभ्यास कुणाबरोबर केला?"

मी म्हणाले, "एकटीनंच."

जेवणाचा बेत होता, तो सोडून मी स्टँडवर आले. पुण्याची गाडी लागलेली होती. मी विट्याच्या गाडीत बसले, तिथून मायणीमार्गे वडूजला. अडीच-तीन तासांच्या रस्त्यात मी तिला काय म्हणायचं ते जुळवत होते आणि एकही वाक्य धड होत नव्हतं.

ती प्रयोगशाळेतच होती. एकटीच. गावोगावच्या विहिरींच्या पाण्याच्या बाटल्या ओळीनं मांडून त्यांना चिठ्ठ्या चिकटवत होती. मला बघून ओरडलीच, "आगं बया! कळवायचं न्हाईस व्हय?" खुर्ची पुसून दिली. मी बसले नाही. उभ्यानंच सांगितलं. फार वेळ लागला नाही, चार वाक्यंच होती.

तिनं हातातली चिठ्ठी चिकटवली. पुढची बाटली घेतली.

"कितव्या दिवशी वाचलास?"

"पहिल्याच."

"मी आबांकडं जायच्या आदी."

"हो."

"घोंगडं आणलं तवा तीन दिवस हुतं."

"हो."

बाहेर कुणीतरी पाण्याचा नमुना घेऊन आला होता. तिनं उठून तो घेतला, नाव-गाव लिहून घेतलं, "परवा या," असं सांगून त्याला वाटेला लावलं आणि परत येऊन बसली. मला वाटत होतं की ती ओरडेल. खरं तर मी त्यासाठीच आले होते.

"त्या दिवशी तू रडत हुतीस," ती म्हणाली, "तवा मी म्हणलं हुतं, रडू नगंस, तुझी काय चूक."

"हो."

"ते मी परत घेती."

मी "माफ कर" म्हणाले. तिनं ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. "साडेपाचला सातारची गाडी हाय," म्हणाली, "ती गेली तर खोळंबा हुईल." चहाला विचारलं नाही. तिच्याकडे आलेला कुणीही चहाशिवाय गेलेला मी पाहिलेला नव्हता.

नंतर मी तिला दोन मोठे मेसेज पाठवले. तिनं ते वाचले, तेवढं दिसलं. उत्तर आलं नाही. सांगून मन हलकं होतं असं लोक म्हणतात. माझं झालं नाही. आधी ती माझ्यावर विश्वास ठेवणारी म्हणून जगात होती, आणि त्यात लपून मला निदान राहता तरी येत होतं.

गेल्या उन्हाळ्यात तिचा फोन आला. नंबर पाहून मी उभीच राहिले. तिनं सरळ कामाचं सुरू केलं. तिच्या भागातल्या एका गावाच्या विहिरीत नायट्रेट वाढलं होतं, लहान मुलांना ते पाणी द्यायचं नव्हतं. उपायाचा प्रस्ताव वर पाठवायचा तर सोबत त्या विषयातली पदव्युत्तर पदवी असलेल्या माणसाचं मत जोडावं लागत होतं. ओळखीत दुसरं कुणी नव्हतं.

"मत मी लिवून ठेवलंय," ती म्हणाली. "तुमी फकस्त वाचा. चुकलं असंल तर सांगा. बरोबर असंल तर तुमच्या नावानं पाठवा."

तिनं मला 'तुमी' म्हटलं होतं. उलट 'तू' म्हणायची माझी हिंमत झाली नाही. मग मीही 'तुम्ही' म्हणाले, आणि ते तसंच राहिलं.

चार पानं होती. मी ती दोनदा वाचली. विहिरीपासून गोठा किती अंतरावर, पाणी कुठल्या दिशेनं झिरपतं, गावाला सांभाळता येईल असा उपाय कोणता आणि परवडणार नाही असा कोणता, सगळं त्यात होतं. मला एक शब्द बदलण्याजोगा सापडला नाही. खाली माझं नाव, माझी पदवी, आणि माझ्या सहीसाठी सोडलेली जागा. मी सही केली आणि पाठवून दिलं.

पाच मिनिटांत तिचं उत्तर आलं.

"मिळालं, मॅडम."